मसुराचे पाणी

मार्च सुरू झाला की आमच्या गल्लीतल्या गॅलऱ्या बोलू लागतात. समोरच्या घरातून सनावळ्या ऐकू येतात, शेजारून भूमितीची प्रमेये, आणि आमच्या गॅलरीत माझी धाकटी बहीण मंगल वेणीचे टोक बोटाला गुंडाळत निबंधाची वाक्ये पाठ करत फिरते. यंदा ती एस.एस.सी.ला आहे. त्या सकाळी मी आत टेबलाशी बसून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या एका शैवालाचे चित्र शाईने पक्के करत होते. पेन्सिलीची रेघ निबखाली घेताना श्वास रोखावा लागतो. मी तो रोखला होता.

‘‘संध्यासमयी मिठागरांचे जल गुलाबी शेल्यासारखे झळाळते,’’ मंगल गॅलरीच्या टोकाला म्हणाली. वळली. ‘‘संध्यासमयी मिठागरांचे जल गुलाबी शेल्यासारखे...’’

निबमधून थेंब पडला आणि माझे शैवाल त्यात बुडाले. तीन तासांचे काम गेले. मला चित्राचे काहीच वाटले नाही. त्या वाक्यातला गुलाबी रंग माझा होता. सात वर्षांपूर्वी तो माझ्याकडून काढून घेतला गेला होता, आणि आता तो दुसऱ्याच्या कपड्यांत माझ्याच गॅलरीत फेऱ्या घालत होता.

‘‘हे वाक्य तुला कुणी दिलं?’’

‘‘सरांनी. वर्णनवहीतलं आहे. का गं?’’

सर म्हणजे आमच्या शाळेतले मराठीचे सर. त्यांचे नाव मी लिहिणार नाही. नाव लिहिले की वाचणाऱ्याला दया येते, आणि दया यावी अशी माझी इच्छा नाही.

*

त्या वर्षीचा मार्च मला अजून त्वचेवर आठवतो. ऊन वाढले म्हणून शाळा सकाळची झाली होती. अकराला घंटा होई आणि पुढचा सारा दिवस मोकळा. सगळे घरी जाऊन जेवत, पडदे ओढून झोपत. मी मात्र रेल्वेचे फाटक ओलांडून पूर्वेला जात असे. तेव्हा मुलुंडच्या त्या बाजूला घरे फारशी नव्हती. करपलेल्या गवताची कुरणे, मग खाजणाची काळी माती, आणि तिच्या पलीकडे खाडीपर्यंत पसरलेली मिठागरे. पायाखाली माती आधी मऊ लागे, मग तडकलेली, मग कुरकुरीत. नाकात आधी चिखलाचा वास, नंतर सडलेल्या शेवाळाचा, आणि अगदी आत गेल्यावर कसलाच नाही. फक्त ओठांवर चव.

मिठागर म्हणजे मातीच्या बुटक्या बांधांनी आखलेले चौकोन. खाडीचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात सोडत नेतात आणि प्रत्येक ठिकाणी ऊन त्यातले थोडे उचलून घेते. पहिल्या वाफ्यांत पाणी मातकट, मधल्यांत हिरवट. शेवटच्या वाफ्यांजवळ मी पहिल्यांदा पोहोचले तेव्हा थबकलेच, कारण ते पाणी गुलाबी होते. बाराच्या उन्हात, डोक्यावर सूर्य असताना, तळापर्यंत गुलाबी.

तिथे एक आगरी बाई लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढत होती. तिला सगळे गोमीबाय म्हणत. पायांना फाटक्या लुगड्याच्या चिंध्या बांधलेल्या, कारण खारे पाणी टाचांच्या भेगांत शिरते. तिने मला पाहिले आणि फळी टेकवली.

‘‘काय गो पोरी, काय बगतेस?’’

‘‘हे पाणी असं का झालंय?’’

‘‘पिकला,’’ ती म्हणाली. ‘‘पानी पिकला गो. आता दोन दिसांत मीठ धरंल.’’

पिकले. आंबा पिकतो, केस पिकतात, हे मला ठाऊक होते. पाणी पिकते हे मी त्या दिवशी शिकले, आणि त्या शब्दाने मला जे सुख दिले ते नंतर कोणत्याही पारितोषिकाने दिले नाही. घरी येईपर्यंत मी एकाच गोष्टीचा विचार करत होते: हा रंग मी आधी कुठे पाहिला आहे? कण्हेर नव्हे. गुलाब तर नाहीच. संध्याकाळी आई ओट्याशी मसूर धूत होती. तिने पहिले पाणी पातेल्यात निथळले, आणि मला उत्तर मिळाले. किंचित गढूळ, किंचित नारिंगी, कडेला फेसाची रेघ. तंतोतंत तेच.

त्याच आठवड्यात सरांनी निबंध दिला: ‘आमच्या परिसरातील एक रम्य स्थळ’. मी चार पाने लिहिली. तळातल्या चिखलावरच्या भेगा लिहिल्या, गोमीबायच्या चिंध्या लिहिल्या, मिठाच्या ढिगाजवळ उभे राहिले की डोळ्यांना खालून ऊन लागते ते लिहिले. आणि लिहिले: ‘मीठ धरण्याआधी पाणी पिकते. ते मसूर धुतल्यावर पातेल्यात राहते तसे गुलाबी होते.’

मला तेव्हा लेखिका व्हायचे होते. हे मी कुणाला सांगितले नव्हते. ती चार पाने माझे सांगणे होते.

*

सरांची वर्णनवही शाळेत प्रसिद्ध होती. त्यांचे विद्यार्थी निबंधात कधी नापास होत नसत, कारण सर आठवीपासून वाक्ये उतरवून देत. पहाटेसाठी कुंकू, नदीसाठी चांदीची रेघ, शेतासाठी हिरवा शालू. डोंगराला ते नेहमी ध्यानस्थ ऋषी करत. विषय कोणताही येवो, वही उघडायची, चार अलंकार काढायचे आणि स्थळाचे नाव बदलायचे. याला त्यांच्यापाशी सिद्धान्तही होता. ‘‘सुंदराला उपमा सुंदराचीच द्यावी,’’ ते म्हणत आणि ‘सुंदर’ या शब्दावर उजवा हात हवेत किंचित उचलत.

निबंध तपासून आले त्या दिवशी त्यांनी माझी वही सर्वांत शेवटी ठेवली होती. मला वाटले, चांगली म्हणून. ते उभे राहिले आणि त्यांनी माझा निबंध मोठ्याने वाचायला घेतला. त्यांचा आवाज चांगला होता, हे मी मान्य केलेच पाहिजे. पहिला परिच्छेद त्या आवाजात मला माझा वाटेना इतका चांगला वाटला. मग मसुराचे वाक्य आले. त्यांनी ते एकदा वाचले, चष्म्यावरून वर्गाकडे पाहिले आणि पुन्हा वाचले.

‘‘मुलांनो, निसर्गाकडे पाहून कुणाला काव्य सुचतं. ह्या बाईंना आमटी सुचली.’’

वर्ग फुटला. मागून कुणीतरी म्हणाले, ‘‘फोडणी घाल गं!’’

‘‘अहो मसूरबाई, पाणी कधी गुलाबी असतं का? आणि पिकतं म्हणे! डोळे तपासून घ्या.’’

‘‘सर, मी पाहिलंय.’’

‘‘काय पाहिलंय?’’

‘‘पाणी.’’

‘‘आणि आम्ही काय पाणी पाहिलं नाही? तुमच्याएवढे होतो तेव्हापासून अंघोळ करतोय आम्ही.’’

पुन्हा हशा. विसांपैकी तीन गुण. वही त्यांनी परत दिली नाही. निबंध कसा नसावा हे पुढच्या वर्गांना दाखवायला ती ठेवून घेतली. शाळा सुटेपर्यंत मी मसूर होते. ‘‘ए मसूर, शिजलीस का?’’ अशा हाका मला जिन्यात, नळाशी, स्नेहसंमेलनात व्यासपीठावर बक्षीस घेताना आल्या. मी दोन वर्षे मसुराची आमटी खाल्ली नाही. आई कारण विचारी. मी पित्त होते म्हणून सांगे.

लोक समजतात की मला विज्ञानाची आवड होती म्हणून मी तिकडे गेले. ती आवड नंतर लागली. आधी होता तो राग. पाणी गुलाबी असते, हे मला अशा भाषेत सिद्ध करायचे होते जिच्यावर वर्ग हसू शकत नाही.

*

कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या पहिल्या प्रात्यक्षिकाला आमच्या प्राध्यापक बाईंनी सर्वांची पुस्तके गोळा करून कपाटात ठेवली आणि कुलूप लावले. ‘‘स्लाइडवर दिसतं ते काढा. पुस्तकात आहे ते मला माहीत आहे.’’ तरीही निम्म्या मुलामुलींनी पाठ केलेली चित्रे काढली. कांद्याच्या सालीच्या पेशी, सगळ्या सारख्या, विटांच्या भिंतीसारख्या नीट. बाई माझ्या टेबलाशी थांबल्या.

‘‘ही पेशी फाटलेली का दाखवलीत?’’

‘‘फाटलेली होती.’’

त्यांनी भिंगाला डोळा लावला, चाक थोडे फिरवले, आणि माझ्या जर्नलवर सही केली. त्या सहीवर मी पुढची पाच वर्षे काढली.

तेव्हा माझ्या लक्षात आले की सरांची चूक रसिकतेची नव्हती, ती पद्धतीची होती. ते पुस्तक उघडे ठेवून चित्र काढत होते. डोळा भिंगाकडे न्यायची त्यांना गरजच वाटली नव्हती. आणि वाईट असे की त्यांच्या पद्धतीला गुण मिळत होते.

एम.एस्सी.ला विषय निवडायची वेळ आली तेव्हा मी मिठागरातले पाणी निवडले. बाटलीवर चिठ्ठी लावली: ठिकाण, दिवस, वेळ, पाण्याचे तापमान. थेंब काचपट्टीवर घेतला आणि पाहिले. एका पेशीचा जीव, अंडाकृती, दोन बारीक शेपट्या हलवत फिरणारा. पाण्यात मीठ वाढत जाते तसतसा तो स्वतःत तांबूस रंग साठवतो. असे असंख्य जीव मिळून वाफा रंगवतात. गोमीबाय चूक नव्हती. मी चूक नव्हते. प्रयोगशाळेत त्या वेळी दुसरे कुणी नव्हते, म्हणून मी मोठ्याने म्हटले, ‘‘मसूर.’’

*

मंगलच्या वहीतले वाक्य मी एका कागदावर उतरवले, त्याखाली माझे मूळचे वाक्य लिहिले आणि दोन्ही तपासली. ‘पाणी’चे ‘जल’ झाले होते, हे क्षम्य. ‘पिकते’ गेले होते आणि ‘झळाळते’ आले होते. म्हणजे घटना गेली आणि चमक आली. मसूर काढून शेला घातला होता. हे मी समजू शकत होते, सुंदराला सुंदर. पण ‘संध्यासमयी’ पाहून मला हसू आले, आणि ते हसू चांगले नव्हते. संध्याकाळी ते पाणी गुलाबी दिसतच नाही. तिरप्या उन्हात पाणी आकाश परत फेकते, स्वतःचा रंग दाखवत नाही. तो दिसतो भर दुपारी. चोराने माल नेला होता, पण तो मुळात कुठे ठेवला होता हे पाहायलाही तो गेला नव्हता. शाळेपासून मिठागर पंधरा मिनिटांवर आहे.

दुसऱ्या दिवशी बाराला मी मंगलला फाटकापलीकडे नेले. ती सबंध वाटभर कुरकुरत होती.

‘‘ताई, डोकं तापलंय माझं. भूगोल राहिलाय.’’

‘‘बघ आधी.’’

‘‘बघितलं.’’

‘‘काय दिसतं?’’

‘‘पाणी. गुलाबी. म्हणजे... लालसर.’’ ती वाकली. मग उकिडवी बसली. ‘‘अगंबाई, खरंच आहे की हे! मला वाटलं नुसतंच म्हणायचं असतं.’’

हे ऐकून मला जो संताप आला त्याची जात मला ओळखता आली नाही. तीन वर्षे ती पोरगी ते वाक्य म्हणत होती आणि ते एखाद्या वस्तूविषयी आहे हे तिला ठाऊकच नव्हते.

‘‘पेपरात हे लिहायचंस. मसूर धुतल्यावर राहतं तसं. भर दुपारी. शेला बिला काही नाही.’’

‘‘वेडी झालीस? शेल्याला हमखास मार्क आहेत. सर सांगतात, परीक्षक खूष होतो.’’

‘‘परीक्षकाला कळू दे एकदा.’’

‘‘काय कळू दे? तुला मसूर म्हणायचे ते?’’ ती उठली आणि परकराला लागलेली माती झटकू लागली. ‘‘तुझा सूड तू घे ना. माझ्या पेपरात कशाला?’’

बांधावर एक पांढरा बगळा एका पायावर उभा होता. मी त्याच्याकडे पाहिले. तिचे वर्ष होते, तिचे गुण होते, आणि मी त्यांच्यावर माझी बंदूक टेकवायला निघाले होते.

*

संधी आपणहून चालत आली. सर या वर्षी निवृत्त होत असल्याने शाळेच्या वार्षिक अंकात त्यांच्यावर काही पाने काढायची होती. संपादन करणाऱ्या शिक्षिकेचे पत्र आले: ‘आपण शाळेचे भूषण आहात. सरांविषयी एखादे हृद्य शब्दचित्र पाठवावे.’

शब्दचित्र काढायचे तर नमुना समोर हवा. मी पिशवीत गुलाबी पाण्याची बाटली घातली आणि शाळेत गेले.

शिक्षकांच्या खोलीत सर एकटेच होते. त्यांनी मला ओळखले नाही. नाव सांगितल्यावर म्हणाले, ‘‘हां, हां! सायन्सला गेलीस ना तू? छान, छान.’’ मसूर हा शब्द त्यांच्या चेहऱ्यावर कुठेही उमटला नाही. मी बाटली टेबलावर ठेवली.

‘‘हे काय, कोकम?’’

‘‘मिठागराचं पाणी, सर.’’

त्यांनी ती उचलून खिडकीपाशी धरली. बराच वेळ पाहत राहिले. रंग त्यांच्या गालावर पडला होता.

‘‘अरे वा! म्हणजे खरंच असतं की. माझं एक वाक्य आहे बघ यावर. गेली कित्येक वर्षं मुलांना देतोय.’’

‘‘ते वाक्य तुम्हाला कुठं सुचलं, सर?’’

‘‘आता कुठं म्हणून सांगू? सुचतं.’’

ते खोटे बोलत नव्हते. हेच सर्वांत असह्य होते. मी सात वर्षे ज्या हशावर जगले होते तो त्यांच्या स्मरणात नव्हता, आणि चोरीही नव्हती. ज्याला काहीच आठवत नाही त्याचा सूड कसा घ्यायचा, याचे प्रात्यक्षिक कोणत्याही जर्नलमध्ये नाही.

‘‘सर, तुम्ही तिथं कधी गेलात?’’

‘‘छे गं. चिखल फार असतो म्हणतात.’’ मग बाटली न ठेवताच ते म्हणाले, ‘‘ही राहू दे ना इथं. मुलांना दाखवीन.’’

‘‘नमुना आहे, सर. प्रयोगशाळेत लागतो.’’

मी त्यांच्या हातातून बाटली घेतली आणि पिशवीत ठेवली. प्रयोगशाळेत तशा आणखी तीन होत्या. त्यांचा हात क्षणभर तसाच उघडा राहिला. ते मी नीट पाहून घेतले.

घरी येऊन मी शब्दचित्र लिहिले. त्यात एकही विशेषण वाईट नाही आणि एकही उपमा नाही. लिहिले की सरांच्या कोटाची डावी कॉलर काळ्या कोटावर निळ्या दोऱ्याने शिवलेली आहे. की नवा खडू ते आधी मधोमध मोडतात आणि मोठा तुकडा खिशात ठेवतात. की विचार करताना पेनचे टोपण ओठावर टेकवण्याची सवय असल्याने त्यांच्या खालच्या ओठावर शाईचा एक ठिपका कायम असतो. की त्यांच्या खुर्चीमागे पूर्वेची खिडकी आहे, तिच्यातून दूरवर मिठाचे पांढरे ढीग दिसतात, आणि खुर्चीची पाठ तिच्याकडे आहे. आणि शेवटी लिहिले की वर्णन सांगताना सर डोळे मिटत.

हे सगळे खरे आहे. मी ते पुन्हा पुन्हा तपासले.

आठवड्याने संपादक बाईंचे उत्तर आले. ‘लेख आवडला. सर हुबेहूब डोळ्यांसमोर उभे राहतात. फक्त थोडा कोरडा वाटतो. शेवटी एखादी सुंदरशी उपमा घालाल का?’

मी घातली नाही.

*

मराठीचा पेपर होता त्या दिवशी मी प्रयोगशाळेतून लवकर परतले. मंगल गॅलरीत पाय पसरून कैरीची फोड चोखत बसली होती. बोटांवर शाई होती.

‘‘निबंध कशावर आला?’’

‘‘पाहिलेलं ठिकाण. मिठागर लिहिलं.’’

मी चपला काढल्या. विचारायचे नाही असे ठरवले होते, आणि विचारले. ‘‘शेला?’’

‘‘लिहिला होता. मग खोडला.’’ तिने फोड उलटी करून साल चावली. ‘‘लिहिताना ते सगळं दिसायला लागलं ना. तू उन्हात उभी, तो बगळा. शेला काही केल्या दिसेना तिथं.’’

मी तिच्याकडे वळले. ‘‘मग मसूर लिहिलास?’’

‘‘नाही.’’

‘‘का?’’

‘‘मला नाही दिसलं ते मसुरासारखं. तेव्हा तू म्हणालीस म्हणून गप्प बसले.’’ ती जरा ओशाळली. ‘‘मला ते आपल्या रिबिनींसारखं वाटलं. म्हणजे रिबिनी नाही. नव्या लाल रिबिनी आई पहिल्यांदा भिजवते ना शाळा सुरू होताना, आणि मग काढून घेते, तेव्हा बादलीत राहतं ते. तसं लिहिलं. जाईल का गं मार्क?’’

‘‘जातील बहुतेक,’’ मी म्हणाले.

ती साल फेकायला उठली. मी तिथेच उभी राहून त्या बादलीचा विचार केला. पहिल्या पाण्यातला तो रंग, तळाशी गडद, वर फिकट, कडेला साबण नसतानाही एक बुडबुडा. ती बरोबर होती. मसुरापेक्षाही बरोबर, कारण मसुराचे पाणी गढूळ असते, आणि मिठागराचे तळापर्यंत दिसते.

कुठल्यातरी परीक्षकाच्या टेबलावर आमच्या शाळेचा गठ्ठा आता सुटला असेल. त्यात चाळीसेक शेले संध्यासमयी झळाळत असतील, आणि त्यांच्यामध्ये एक बादली, भर दुपारची. सरांविरुद्ध एवढे पुरेसे आहे असे मला वाटते. फक्त ती बादली माझी नाही, याचा राग अजून गेलेला नाही.